पक्षाघाताचा रोगी : घर आणि रुग्णालय



या व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा बोनस, किमान वेतन, किंवा फार तर नव्या कामगार संहिता असा एखादा विषय आमच्या वाट्याला येईल, अशी आमची समजूत होती. विषय तुम्हीच निवडा, असे त्यांनी सांगितले, आणि आम्ही हा निवडला. त्याबद्दल प्रथम खुलासा केला पाहिजे. कारण आम्ही डॉक्टर नाही, वैद्य नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण काही सूतगिरणीच्या दारात झाले आणि काही गावच्या वाचनालयात. आणखी एक गोष्ट. आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो त्यात मोठेपणाचा आव नाही. तीस वर्षे कामगारांच्या वतीने अर्ज लिहिता लिहिता 'मी' हा शब्द हातातून सुटला, एवढेच.

आता हा विषय का? संघटनेच्या कचेरीत पूर्वी लोक पगाराची तक्रार घेऊन येत. ते अजूनही येतात. परंतु अलीकडच्या दहाबारा वर्षांत आणखी एक माणूस येऊ लागला आहे. तो दारात घुटमळतो, हातात दवाखान्याची पिशवी असते, आणि तो विचारतो, "साहेब, वडिलांच्या अंगावरून वारं गेलंय. डॉक्टर म्हणतात घरी न्या. नेऊ की ठेवू?" या प्रश्नाला आम्ही आजवर अनेकदा उत्तर दिले आणि त्यातले निदान दोनदा तरी चुकीचे दिले. त्या दोन चुका सांगाव्यात आणि त्यातून जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम रोगाविषयी थोडे. पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा, वारे जाणे ही सगळी एकाच दुखण्याची नावे. 'वारे' हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की पुष्कळांना वाटते, हा हातापायाचा रोग. वस्तुतः तो मेंदूचा रोग आहे. मेंदूकडे जाणारी एखादी रक्तवाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते. त्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो, आणि तो भाग ज्या अवयवाला हुकूम देत होता तो अवयव लुळा पडतो. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के. पण प्राणवायू तो एकटा वीस टक्के खातो. म्हणून त्याला उपासमार सोसत नाही. मोठी वाहिनी तुंबली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब २००६ साली प्रसिद्ध झाला आहे.

तेव्हा पहिल्या काही तासांपुरता 'घर की रुग्णालय' हा वादच नाही. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, की त्याच क्षणी वाहन बोलवावे आणि जेथे सी.टी. स्कॅनची सोय आहे अशा रुग्णालयात जावे. गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आणि ते देण्यापूर्वी वाहिनी तुंबली आहे की फुटली आहे हे स्कॅनमध्ये पाहावेच लागते, कारण फुटली असेल तर तेच औषध घात करील. मोठ्या वाहिनीतली गुठळी नळी घालून ओढून काढता येते. ते काही निवडक रोग्यांत चोवीस तासांपर्यंतही करतात. हे साडेचार तास आमच्या गावात कशात जातात? कबुतराचे रक्त चोळण्यात, तेलाच्या मालिशीत, आणि 'सकाळपर्यंत वाट पाहू' या वाक्यात. घरच्या म्हाताऱ्या माणसांवर आमचा राग नाही. पण कबुतराच्या रक्ताने मेंदूतली गुठळी विरघळत नाही, हे व्यासपीठावरून स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

असो. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. जीव वाचला, आता पुढचे दिवस, महिने, वर्षे रोग्याने कोठे काढायची?

आमची पहिली चूक अशी. सूतगिरणीतले आमचे एक जुने जॉबर होते. सगळे खाते त्यांना मामा म्हणे. त्यांची डावी बाजू गेली. दहाव्या दिवशी रुग्णालयाने त्यांना घरी न्यायला सांगितले. त्यांचा मुलगा आमच्याकडे धावत आला. आम्हाला वाटले, गरीब माणूस म्हणून खाट रिकामी करून घेत आहेत. आम्ही दहाबारा माणसे घेऊन गेलो, वरिष्ठांना भेटलो, आवाज चढवला आणि मामांचा मुक्काम आणखी महिनाभर वाढवून घेतला. कचेरीत परत आलो तेव्हा लढा जिंकल्याचा आनंद होता.

त्या महिन्यात काय झाले? तो सर्वसाधारण वॉर्ड होता. खाटा चाळीस, जमिनीवरही गाद्या, आणि रात्रपाळीला परिचारिका दोन. त्या दोघींना आम्ही दोष देत नाही. दोन माणसांनी चाळीस साच्यांवर लक्ष ठेवावे तसा तो प्रकार. मामांना कुशीवर वळवायला मुलगा येईल तेव्हाच माणूस मिळे, आणि मुलगा दोन पाळ्या करीत होता. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या कमरेखाली जखम झाली. लघवीची नळी राहिली म्हणून ताप आला. व्यायाम दिवसाला दहा मिनिटे. सगळ्यांत वाईट म्हणजे मामा बोलेनासे झाले. वाचा गेली नव्हती. बोलायला कोणी नव्हते. शेवटी घरी नेले, तेव्हा आठवडाभरात नातीने पुढे केलेली वाटी ते डाव्या हाताने धरू पाहू लागले. घरी उंबरा होता, ओळखीची भिंत होती, परसदारी जायचे होते. उठण्याला काही कारण होते. जखम भरायला मात्र चार महिने लागले. आम्ही भांडून मिळविलेल्या महिन्याची ती किंमत होती.

यावरून आम्ही धडा घेतला : घर ते घर. आणि दुसरी चूक केली. ती आमच्याच घरात झाली.

आमचे थोरले बंधू मागावर कामाला होते. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी सकाळी मोरीत पडले. वहिनींनी कोणाचे न ऐकता रिक्षा बोलावली. दोन तासांत रुग्णालय गाठले, औषध वेळेत मिळाले आणि जीव वाचला. उजवी बाजू आणि वाचा मात्र गेली. सहाव्या दिवशी हाताला थोडी चाळवण दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी चारपाच दिवस राहू द्या. आम्हाला मामांची जखम आठवत होती, आणि खरे सांगायचे तर रोजचे बिलही डोळ्यांपुढे होते. आम्ही सही करून त्यांना घरी आणले. हातात एक कागद होता. त्यावर औषधांची नावे, आणि खाली 'फिजिओथेरपी' असा एक शब्द.

संध्याकाळी गल्लीतली माणसे जमली. चहा झाला. बंधूंना चहाची फार आवड. आम्ही त्यांच्या डोक्याखाली हात घालून, निजल्या अंगानेच, बशीने चहा पाजला. त्यांना ठसका लागला. आम्ही पाठीवर थापटले आणि म्हटले, "सावकाश, दादा, सावकाश." पुन्हा बशी लावली.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. चहा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेला होता, न्यूमोनिया झाला. पुन्हा रुग्णालय, सोळा दिवस. बंधू वाचले, पण हाताची जी चाळवण आली होती ती गेली. ती पुढे चार वर्षांत, ते असेपर्यंत, परत आली नाही. न्यूमोनियाने ती घालवली की ती आपोआपच गेली असती, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण बशी आमच्या हातात होती.

पक्षाघातात गिळण्याची क्रियाही बिघडते. म्हणून गिळणे तपासल्याखेरीज तोंडाने पाणीसुद्धा देऊ नये. रोग्याला ताठ बसवून जाणकार माणूस चमच्याने थोडे पाणी देऊन पाहतो. ठसका येतो का, आवाज ओला होतो का, हे बघतो. काहींना ठसकाही येत नाही आणि पाणी गुपचूप फुप्फुसात उतरते. हे वाक्य एवढेसे आहे. त्या कागदावर ते नव्हते, आणि आम्हीही विचारले नाही.

या दोन अनुभवांनंतर आम्ही वाचायला बसलो. संघटनेच्या दवाखान्यात येणारे एक तरुण डॉक्टर कागद आणून देत, कठीण शब्द समजावून सांगत. बाकीचे आम्ही शब्दकोश घेऊन लावले. तेथे जे कळले त्यातले तीनच पुरावे सांगतो.

पहिला पुरावा लंडनचा. डॉ. ललित कालरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५७ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले आणि २००० साली त्याचा निकाल प्रसिद्ध केला. पहिला गट पक्षाघातासाठी राखलेल्या खास वॉर्डात. दुसरा सर्वसाधारण वॉर्डात, पण तज्ज्ञांचे पथक सल्ला द्यायला येई. तिसरा गट घरी, आणि तज्ज्ञांचे पथक घरी जाई. वर्षअखेर मरण पावलेले किंवा कायमचे सेवागृहात ठेवावे लागलेले रोगी किती? खास वॉर्डात शंभरात १४, घरी २४, सर्वसाधारण वॉर्डात ३०. शिवाय घरी ठेवलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना मागाहून रुग्णालयात न्यावेच लागले.

मंडळी, आमच्या दोन्ही चुका या तीन आकड्यांत बसतात. मामांना आम्ही तीसच्या खात्यात ठेवले. बंधूंना आम्ही चोविसाच्याही खात्यात ठेवले नाही, कारण लंडनच्या घरी डॉक्टर, परिचारिका आणि व्यायाम शिकविणारी माणसे येत होती. आमच्या घरी गल्लीतली माणसे आली, आणि चहा झाला.

या खास वॉर्डात असे काय असते? आम्हाला वाटले, मोठे यंत्र असेल. तसे काही नाही. ग्लासगोच्या डॉ. पीटर लँगहॉर्न यांनी अशा वॉर्डांचे निष्कर्ष १९९३ साली एकत्र मांडले आणि हे वॉर्ड जीव वाचवितात असे दाखविले. त्यांतले साधन म्हणजे माणसे : एकाच रोगाची सवय झालेले डॉक्टर, परिचारिका, व्यायाम शिकविणारे, वाचा शिकविणारे, ही सगळी ठरल्या दिवशी एकत्र बसतात आणि प्रत्येक रोग्याचा विचार करतात. गिळणे तपासतात, ताप व साखर पाहतात, वेळेवर कूस बदलतात, रोग्याला बसते-उभे करतात आणि नातेवाइकांना शिकवितात. उभे करण्याचीही घाई चालत नाही. पाच देशांतल्या २,१०४ रोग्यांवरील पाहणी २०१५ साली आली; तीत पहिल्या चोवीस तासांतच फार हालचाल करविलेल्यांचा गुण उलट थोडा कमी आला. म्हणजे हे अंदाजाने करायचे काम नव्हे. कारागिरीचे काम आहे, आणि कारागीर लागतात.

दुसरा पुरावा लवकर घरी जाण्याचा. निरनिराळ्या देशांतल्या ११ चाचण्या आणि १,५९७ रोगी एकत्र करून २००५ साली असे दिसले की रुग्णालयातून सुमारे आठवडाभर लवकर घरी सोडलेले रोगी मागे राहत नाहीत. उलट मृत्यू किंवा परावलंबन शंभरात सुमारे पाच जणांनी कमी होते. मात्र यात दोन अटी आहेत. दुखणे सौम्य ते मध्यम असावे, आणि रुग्णालयाचे पथक रोग्याच्या मागोमाग घरी आले पाहिजे. घराचा गुण येथे सिद्ध होतो. चूल, जिना, मोरी, जेथे पुढे जगायचे तेथेच चालायला शिकलेले टिकते. अमेरिकेत २०११ साली असेही आढळले की दोरखंडाच्या आधाराने यंत्रावर चालविण्याची महागडी पद्धत आणि फिजिओथेरपिस्टने घरी येऊन करविलेले व्यायाम यांत वर्षअखेर चालण्याच्या दृष्टीने फरक पडला नाही.

तिसरा पुरावा आपल्या देशातला. लुधियानाचे डॉ. जेयराज पांडियन आणि त्यांचे सहकारी यांनी भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रोग्यांवर एक मोठी चाचणी केली. निकाल २०१७ साली आला. कल्पना चांगली होती. आपल्याकडे व्यायाम शिकविणारे कमी. तर घरच्याच एका माणसाला रुग्णालयात असतानाच शिकवावे आणि पुढचे काम त्याने घरी करावे. सहा महिन्यांनी पाहिले. शिकविलेल्या घरांत मरण पावलेले वा परावलंबी राहिलेले ४७ टक्के. न शिकविलेल्या घरांत तेही ४७ टक्के.

हा आकडा वाचून आम्ही फार वेळ बसून राहिलो. घरच्यांचे प्रेम कमी पडले असे कोणी म्हणणार नाही. मग काय कमी पडले? याचे उत्तर आता जे सांगतो ते आमचे आहे, त्या डॉक्टरांचे नव्हे.

रुग्णालयात काम किती पाळ्यांत चालते? तीन. आठ तासांची पाळी ही आमच्या पूर्वजांनी रक्त सांडून मिळविलेली गोष्ट आहे. जगातल्या कामगारांचा तो पहिला हक्क. आणि 'घरी सांभाळू' असे आपण म्हणतो तेव्हा त्या घरात पाळ्या किती असतात? एक. चोवीस तासांची. ती कोण करते? बायको, सून, मुलगी. आठवड्याची सुट्टी नाही, रजा नाही, पगार नाही, बदली माणूस नाही.

आमच्या वहिनी एका कारखान्यात कांड्या भरायला जात. बंधू घरी आले त्या दिवसापासून ते काम सुटले. त्या सुटल्या म्हणून कोणी राजीनामाही विचारला नाही. एकदा आम्ही कचेरीतली वही घेऊन बसलो आणि त्यांच्या दिवसाची नोंद केली. कूस दर दोन तासांनी बदलायची, म्हणजे चोवीस तासांत बारा वेळा. त्यातले चारदा रात्री. भरविणे पाच वेळा, प्रत्येक वेळी अर्धा ते पाऊण तास, कारण घाई केली तर ठसका. अंग पुसणे, कपडे, चादरी. व्यायाम दोनदा. औषधे चारदा. याखेरीज घरचा स्वयंपाक आणि पाणी भरणे. बेरीज साडेपंधरा तासांची झाली. आम्ही तीस वर्षे बारा तासांच्या पाळीविरुद्ध भाषणे करीत होतो, आणि आमच्या घरात साडेपंधरा तासांची पाळी चालू होती!

आम्ही बेरीज वाचून दाखविली. वहिनी चादर पिळीत होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, एवढं लिहिलंत, तर आमची पाळी कधी सुटते तेवढं तुमच्या हापिसात विचारून या." त्या रागावल्या नव्हत्या. पुढे सहा महिन्यांनी त्यांना चक्कर आली म्हणून नेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब एकशे नव्वद निघाला. म्हणजे त्याच रोगाच्या दारात दुसरा माणूस उभा होता.

म्हणून आम्हाला वाटते, त्या सत्तेचाळीस आकड्याचे एक कारण हे असावे. ज्या माणसाजवळ एक तासही शिल्लक नाही त्याला तुम्ही उत्तम शिक्षण दिले, तरी तो ते कोणत्या तासात वापरणार?

आता कायदा काय म्हणतो, हेही आपण पाहू. कारण ते आमच्या नित्याचे काम आहे. १९४८ च्या कायद्याने आलेली कामगार राज्य विमा योजना १९५२ साली कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली. तिच्यात आजारपणाचा लाभ वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवस मिळतो. पण पुष्कळांना ठाऊक नाही की दीर्घ मुदतीच्या ३४ रोगांची एक वेगळी यादी आहे, तीत अर्धांगवायू आहे, आणि ज्याची विमा नोकरी दोन वर्षे भरली आहे व ज्याची वर्गणी नियमाप्रमाणे जमा आहे त्याला ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. येथे बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी असा रोगी असेल आणि हा अर्ज केला नसेल, तर उद्या सकाळी कचेरीत यावे.

मात्र ही योजना दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना लागू होते. आमच्या या मागांच्या गावात एका छपराखाली चार नावांचे चार कारखाने का असतात, हे आपण सर्व जाणता. शिवाय वेतनाची मर्यादा २०१७ साली महिना २१,००० रुपये करण्यात आली. तिच्यावरचा कामगार बाहेर. नोकरीचेही तसेच. सरकारी आस्थापनेत कामावर असताना अपंगत्व आले तर २०१६ च्या कायद्याप्रमाणे त्याला काढता येत नाही; जमेल असे दुसरे काम द्यावे लागते. खाजगी कारखान्यात? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने सततच्या आजारपणामुळे झालेली नोकरीसमाप्ती कामगार कपातीच्या व्याख्येतून वगळली होती, आणि २०२० च्या संहितेतही ती वगळलेलीच आहे. म्हणजे कपातीची भरपाई त्या कारणाने मागता येत नाही. आणि जी बाई रोग्याला सांभाळते, तिचा तर या पानांत उल्लेखच नाही. ती कामगार आहे हे कोणत्याही व्याख्येत बसत नाही.

तर मग दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाला हल्ली आम्ही काय सांगतो?

आम्ही म्हणतो, डॉक्टरांशी भांडू नका आणि घाईने सहीही करू नका. आधी चार गोष्टी विचारा. गिळणे तपासले का, आणि काय व कसे भरवायचे? कूस कशी बदलायची, खाटेवरून खुर्चीवर कसे घ्यायचे? लुळ्या हाताला धरून ओढू नये, खांदा उतरतो. मग उठवायचे कसे? आणि ताप, ठसका, नवी बधिरता दिसली तर कोणाला कळवायचे? ही उत्तरे कागदावर घेऊ नका. जो सांभाळणार आहे त्याने वॉर्डात दोन दिवस राहून परिचारिकेच्या देखत स्वतःच्या हाताने हे करून दाखवावे. ते जमले, की घरी न्या. ते जमेपर्यंत तेथेच राहा, आणि त्यासाठी भांडावे लागले तर आम्ही येतो.

घरी नेल्यावर आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. वाचा गेलेल्या माणसाची समज गेली असे धरून त्याच्यासमोर बिलाचे, वाटणीचे बोलू नका. पुष्कळदा त्याला सर्व कळत असते. आणि तो रडतो, चिडतो, व्यायाम नको म्हणतो, तो हट्ट समजू नका. अशा रोग्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांना मनाचे औदासीन्य येते, आणि त्यालाही औषध आहे.

हे झाले एका घरापुरते. पण प्रत्येक घराने आपापले पाहावे, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. रुग्णालयाची भिंत संपते तेथे जबाबदारी संपते, आणि घराचा उंबरा लागतो तेथे बाईची चोवीस तासांची पाळी सुरू होते. मध्ये कोणीच नाही. ही मधली जागा भरली पाहिजे. ती भरता येते. केरळ राज्याने २००८ साली अंथरुणाला खिळलेल्या आणि असाध्य दुखण्याच्या रोग्यांसाठी धोरण ठरविले. तेथे ग्रामपंचायतीची परिचारिका घरोघर जाते आणि गावातले स्वयंसेवक तिच्याबरोबर असतात. केरळात पैशाची खाण सापडली होती असे नाही. आपल्या नगरपालिकेला एक वाहन, दोन परिचारिका आणि एक फिजिओथेरपिस्ट एवढे करता येणार नाही काय? अशी मागणी आम्ही लेखी दिली आहे. आपणांपैकी ज्यांना ती पटेल त्यांनी जाताना दारातल्या टेबलावर सही करावी.

सरकारने करावे तोवर आपण काय केले, असा प्रश्न कोणीही विचारील. संघटनेने दोन वर्षांपूर्वी 'रविवारची पाळी' सुरू केली. सभासदांनी आळीपाळीने अशा घरी जायचे, चार तास रोग्याजवळ बसायचे आणि त्या बाईला मोकळे करायचे. अकरा घरे घेतली. चार घरांत ती पाळी बंद पडली. कारण शोधले तेव्हा कळले की आमचे सभासद जात, बसत, आणि त्यांच्यासाठी चहा-पोहे करण्यात त्याच बाईचे चार तास जात! आता नियम केला आहे : रविवारच्या पाळीत चहा घ्यायचा नाही, आणि घरच्या बाईने घरात थांबायचे नाही. उरलेली सात घरे चालू आहेत. हे काम फार थोडे आहे, याची आम्हाला जाणीव आहे.

तेव्हा 'घर की रुग्णालय' याचे आमचे उत्तर असे. पहिले तास रुग्णालय, निःशंक. पहिले दिवस, मिळेल तर खास वॉर्ड, आणि तो प्रत्येक जिल्ह्यात मिळावा म्हणून मागणी. त्यानंतर घर, पण ज्या घरात बाहेरून जाणते हात येतात आणि आतल्या माणसाची पाळी सुटते असे घर. हे दोन्ही नसेल तर 'घरची माया' हा शब्द आपण जपून वापरावा. त्या शब्दाखाली कोणाचे तरी साडेपंधरा तास असतात.

आमच्या वहिनी आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना न विचारता आम्ही त्यांच्याबद्दल बोललो. घरी गेल्यावर त्याची शिक्षा होईल. नव्या रोग्याच्या घरी हल्ली आम्ही जाण्यापूर्वी त्या जातात, आणि ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली घेऊन, अर्धा चमचा घास कसा द्यावा हे त्या घरच्या माणसाला दाखवितात. त्या कामाचे मानधन संघटना देते. रक्कम लहान आहे, पण हजेरीपटावर त्यांचे नाव आहे आणि पाळी चार तासांनी सुटते.